मशीनवरची माळ

मशीन चालू झाली नाही तेव्हा पहिली शिवी मी जठारपेठेतल्या माणसाला दिली. तो होता अकोल्याला आणि मी वलगावात, आमच्या मागच्या अंगणात उकिडवा बसून बटण खालीवर करत होतो. दसऱ्याची सकाळ होती. शिवी जरा मोठ्यानंच गेली. आतून बाजेवरून माय म्हणाली, "सनाच्या दिवशी तोंड काहून खराब करून राहिला रे बाबू?" आवाज तिचा खोल गेलेला होता, पण तेव्हा मला आवाजाकडे लक्ष द्यायची फुरसत नव्हती.

जठारपेठेतला तो माणूस माझा जुना सोबती. अकोल्याच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आम्ही बावीस वर्षं शेजारी बसून लोखंड जोडलं. गेटं, खिडक्या, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे. एकाच्या डोळ्यात ठिणगीची कचकच झाली की दुसरा त्याला घरी पोचवायचा. मग मालकाचं वय झालं, पोरं पुण्याला, आणि कारखान्याला कुलूप लागलं. सोबत्यानं घराच्या पुढच्या खोलीत जुन्या वेल्डिंग मशिनी दुरुस्त करून विकायचं दुकान टाकलं. मी गावी आलो आणि बायको नि माय मिळून झेंडूचं जे वावर सांभाळत होत्या त्यात तिसरा माणूस म्हणून शिरलो. फुलं तोडता येत नाहीत म्हणून मला क्रेट उचलायचं काम मिळालं.

मशीन मी घेतली ती मायसाठी. पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यातून वॉकर दिला, पण आमच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आणि पुढं फरशी अशी उंचसखल की वॉकर म्हणजे शोभेची वस्तू. बाजेपासून संडासापर्यंत मोजून सतरा पावलं. त्या सतरा पावलांना तिला माझ्या बायकोचा खांदा लागायचा, आणि बायको पहाटेच वावरात गेलेली असायची.

चाळीस वर्षं जिनं डोक्यावर टोपलं घेऊन अमरावतीच्या इतवारा बाजारात फुलं विकली, पोलिसाशी भांडली, दलालाशी भांडली, माझ्या बापाच्या माघारी दोन बहिणींची लग्नं लावली, तिला आता एवढ्याशा गोष्टीसाठी वाट पाहत पडावं लागायचं. बाजेवर वापरायचं भांडं आणलं होतं. ते तिनं असं ढकललं की बाजेखालून पुन्हा काढायची कोणाची हिंमत झाली नाही. एकदा बायको नव्हती म्हणून मी तिला धरून नेलं. मुलानं नेलं याची तिला इतकी लाज वाटली की दोन दिवस ती माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलली.

मग एक दिवस म्हणाली, "लोकाईच्या घरी एवढे कठडे लावले तू. मले भिंतीले धराले एक दांडा लावून दे. मंग मी कोनाची वाट नाई पाहात."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बावीस वर्षांत मी आपल्या घरी एक खुंटीसुद्धा जोडली नव्हती.

बायको म्हणाली, "फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याले सांगा. तासाभरात लावून देते." सरळ बोलली होती बिचारी. पण माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "मंग मी बावीस वर्सं तिथं झाडू मारला का?" कारखाना बंद पडल्यापासून मला अशा बोलण्याचा फार राग यायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. फाट्यावरचा माणूस खरंच तासाभरात लावून गेला असता.

मायनं माझीच बाजू घेतली. येणाऱ्याजाणाऱ्या बाईला ती सांगायला लागली, "पोरगा सोताच्या हातानं दांडा बसवून राहिला मले." त्यामुळे मला जास्तच चेव आला.

दुसऱ्या माळेच्या दिवशी मी अकोल्याला गेलो. नवरात्रात आमच्या घरी तारीख कोणी सांगत नाही, पहिली माळ, दुसरी माळ असंच चालतं. घटावर रोज एक माळ चढते, आणि आम्ही तर फुलवाले. सोबत्यानं मला एक इन्व्हर्टर मशीन दाखवली. दहाबारा वर्षं जुनी असेल, पण हलकी, पिशवीत मावणारी. त्यानं रॉड लावून दोन पट्ट्या जोडून दाखवल्या, मग मीही जोडून पाहिल्या. ठिणगी अशी स्वच्छ पडली की मला बरेच दिवसांनी बरं वाटलं. खालचे रबराचे पाय तेवढे तुटलेले होते. येताना एसटीत मशीन मांडीवर घेऊन बसलो. मूर्तिजापूरला सगळी बस चहाला उतरली, मी उतरलो नाही. नव्या नवरीसारखी सांभाळली मी तिला.

घरी आल्यावर माय म्हणाली, "आता अशी लगेच सुरू नोको करू. दसऱ्याले पूजा करू, मंग हात लाव."

हे तिचं मला ऐकावंच लागलं. दसऱ्याला यंत्राला माळ घालून, हळदकुंकू लावून मगच काम, हा तिचा नुसता धर्म नव्हता, धंदा होता. चाळीस दसरे तिनं लोकांच्या ट्रकांना, छापखान्यांना, पिठाच्या गिरण्यांना माळा विकल्या होत्या. स्वतःच्या घरात मात्र माळ घालायला यंत्र कधीच नव्हतं. आता होतं. तिनं मशीन आपल्या बाजेजवळच्या स्टुलावर ठेवायला लावली. पाय नसल्यामुळे ती उभी ठेवली की डगमगायची, म्हणून मी गोणपाटाची घडी करून तिच्यावर आडवी निजवली, हवेच्या जाळीची बाजू वर. हे मी केलं. हे कोणावर ढकलता येत नाही.

तिसऱ्या माळेपासून मायनं बसल्या जागी दोन माळा ओवायला सुरुवात केली, एक घटाला नि एक मशीनला. मी हसलो. म्हटलं, "माय, वेल्डिंग मशीन हाये, देवी नोहे." ती म्हणाली, "तुले काय समजते."

झेंडूवाल्याच्या घरी नवरात्र म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरी झेंडू आहे त्यालाच माहीत. पहाटे पाचला बायको नि मजूर बाया वावरात. मी क्रेट भरून गाडीबरोबर अमरावतीला. बाराएक वाजता बायको घरी यायची, मायला संडासाला न्यायची, दोन घास खायची की पुन्हा वावर, ते दिवे लागेपर्यंत. जाताना दोन्ही वेळा ती मायच्या उशाशी पितळी गडवा भरून ठेवायची. त्यावर झाकण, झाकणावर फुलपात्र. परत आल्यावर गडवा रिकामा असायचा. त्यावरून आम्हाला वाटायचं, चला, पाणी तरी पिते.

उपास तर ती दरवर्षीच करायची, नऊच्या नऊ दिवस. ह्या वर्षी करू नको म्हटलं तर म्हणे, "पाय मोडला, देव नाई मोडला." चहा दिला तर निम्मा ठेवायची. ऑक्टोबरचं ऊन असं की वावरातून आल्यावर माणूस माठाला तोंड लावतो, आणि ही घरात पत्र्याखाली पडलेली. सहाव्या माळेला ती फार मलूल दिसली म्हणून गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जीभ पाहिली, हाताची चामडी चिमटीत धरून सोडली. विचारलं, "पाणी पितात का?"

मी म्हटलं, "दोन गडवे पेते दिवसाचे." बायकोही म्हणाली, "हो, मीच भरून ठेवतो."

डॉक्टर म्हणाले, उपास सोडा, आणि पाण्यात कालवायच्या पावडरीच्या पुड्या देऊन गेले. माय डोळे मिटून पडली होती. आम्ही खोटं बोललो नव्हतो.

तर दसरा. सकाळी मायनं मशीनला हळदकुंकू लावलं, शेवटची माळ चढवली, नारळ मी दाराशी फोडला. मशीन उचलली तेव्हा गोणपाट ओलं लागलं. माळांचं असेल म्हणून मी माळा काढल्या, मशीन दुपट्ट्यानं खसाखसा पुसली आणि तशीच आडवी अंगणात आणली. पाईप कापून तयार होते, भिंतीला भोकं पाडून झाली होती. पिन घातली, बटण दाबलं. आत कुठंतरी टक् असा बारीक आवाज झाला आणि संपलं. दिवा नाही, पंखा नाही. मेल्यासारखी गप्प.

मी आधी बोर्डाला धरलं. घरच्या साध्या बोर्डावर एवढी मशीन चालत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मीटरपासून जाड वायरीची वेगळी लाईन ओढून पंधरा अँपिअरचा प्लग बसवला होता. टेस्टर लावला, टेस्टर लागला. नुसता टेस्टर लागून भागत नाही, न्यूट्रल तुटलं असलं तरी तो लागतो, म्हणून होल्डरला बल्ब लावून पाहिला. बल्ब लख्ख. तरी मन मानेना. बायकोला म्हटलं मिक्सर आण. मिक्सर घर्रर्र चालला. तिला हसू आलं. "नाचता येईना अंगण वाकडं. बोर्डाले काहून दोष देता?"

मग व्होल्टेज. सणाचा दिवस, सगळं गाव घरी, दाब कमी असेल. मल्टीमीटर लावला तर दोनशे दहा. त्यावर चालायला पाहिजे. मग पिन खोलली, तिन्ही वायरी सोलून नव्यानं कसल्या. नाही. मग वायर आतून तुटली असेल म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी नि बल्ब लावून पाहिला. वायर सलग. बटणावर बोट ठेवून वीसदा खालीवर केलं, पाठीवर थापटी मारली, उन्हात ठेवली, सावलीत ठेवली, पुन्हा लावली. काही नाही.

कारखान्यात आमच्या मशिनी जुन्या, तांब्याच्या वेटोळ्यांच्या, म्हशीएवढ्या. त्या बिघडल्या तर पाना घेऊन बसलं की उकल व्हायची. ही इन्व्हर्टर म्हणजे आत सगळं टीव्हीसारखं बारीक काम. ते उघडायची मला भीती वाटत होती, खरं सांगायचं तर. वेल्डर म्हणवतो आणि मशीन उघडायला भितो, हे बायकोसमोर कबूल कसं करणार. म्हणून मी फोन उचलला.

सोबती आनंदानं म्हणाला, "बोल राजा, सोनं घे सोन्यासारखं राह्य."

मी म्हटलं, "सोनं ठेव तुह्यापाशी. मेलेली मशीन गळ्यात मारली तू माह्या."

"अबे, तू सोता चालवून पाह्यली न इथं?"

"पाह्यली म्हनूनच तर फसलो."

तो कारागिरासारखं विचारायला लागला. दिवा लागतो का, फ्यूजचा आवाज झाला का, रस्त्यात पडली-बिडली का. "पानी गेलं का कुठून?"

"पाऊस कुठं हाये, भैताडा? घरात ठेवली होती, मायच्या उशापाशी, देवावानी."

"मंग उघडून पाय. पिन काढून उघड पन."

त्यावर मी जे बोललो ते इथं सगळं लिहीत नाही. बावीस वर्षं शेजारी बसलास आणि दात आता दाखवलेस, इथून सुरू झालं आणि त्याच्या दुकानाच्या पाटीपर्यंत गेलं. "आईले नमस्कार सांग," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

वड्याचं तेल वांग्यावर काढायची मला जुनी खोड. बायकोनं पुरणाचं ताट आणलं ते मी बाजूला सारलं. मायनं आतून विचारलं, "झाली का रे चालू?" तिला म्हटलं, "तुह्यामुयंच झालं हे. दसरा दसरा करून आठ दिवस घालवले. त्याच दिवशी लावली असती तर दांडा लागून गेला असता."

ती म्हणाली, "होईन. यंत्राले बी रुसू दे एखांद्या दिवशी."

संध्याकाळी तिनं आपट्याची पानं मागितली. एक मला दिलं, एक बायकोला, आणि एक मशीनवर ठेवायला सांगितलं. हात उचलताना तो मधेच पडला. आम्ही म्हटलं, उपासाचा थकवा आहे. उद्या खाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको वावरात गेली नाही. दसरा झाला की झेंडूला कोणी विचारत नाही. मी अंगणात पोतं टाकलं आणि शेवटी मशीन उघडायला घेतली. बारा स्क्रू. पहिल्याच स्क्रूला पेचकस फिरेना. पाहिलं तर डोक्यावर तांबूस गंज, ताजा. मला आठवलं की अकोल्याला ते चकचकीत होते. तेल सोडून, ठोकून, एकेक काढला. झाकण उचललं आणि आतून झेंडूचा वास आला.

कुजक्या झेंडूचा. देवळामागं निर्माल्याचा ढीग असतो तसला. आत पाकळ्या होत्या, पिवळ्या नि केशरी, जाळीतून गळून पडलेल्या, पाण्यानं लगदा झालेल्या. सर्किटच्या हिरव्या पाटीवर पांढरट बुरशी चढलेली, तांब्याला हिरवा गंज, आणि एका कोपऱ्यात जळाल्याचा काळा डाग. टक् असा आवाज झाला तो तिथला. मी मशीन कलती केली तर तळातून पाणी सांडलं. ओलावा नव्हे, पाणी. पोतं भिजलं.

सोबत्यानं फसवलं नव्हतं. हे कळल्यावर माणसानं आधी फोन करून माफी मागावी. मी लगद्याची मूठ भरली आणि तणतणत आत गेलो.

"हे काय हाये?"

मायनं डोळे किलकिले करून पाहिलं. "झेंडू."

"मशीनीवर पानी कोनं टाकलं?"

"मी शिपडत होती थोडं थोडं. फुलं सुकत होती रे. सुकल्या माळंची पूजा करते का कोनी?"

इतवाऱ्यात बसून चाळीस वर्षं तिनं हेच केलं होतं. डाव्या हाताशी पाण्याचा डबा, आणि बोलताबोलता उजवा हात माळांवर शिंपडत राहायचा. तो हात कोणी सांगायची वाट पाहायचा नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी ओरडलो. विजेची वस्तू आहे, एवढी अक्कल नाही का, स्वतःच्या दांड्याचं स्वतःच वाटोळं केलं, असं सगळं ओरडलो. आईची अक्कल काढली मी, आणि ती आडवी पडून ऐकत होती.

बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, उशाशी ठेवलेल्या गडव्याकडे पाहत होती. हळू आवाजात म्हणाली, "आई, ह्या गडव्यातलंच टाकत होत्या का?"

मायनं डोळे मिटून घेतले.

"दोनी टाइमचं?"

मायनं भिंतीकडे तोंड केलं.

"मंग पेत काय होत्या तुमी?"

मग माय भिंतीलाच म्हणाली, "पेत होती न एखांदा घोट. पेलं का उठून जा लागते. तू वावरात, किती डाव बोलावू तुले? नुसतं ठेवलं तर तुमी रागावान. फुलाईच्या तरी कामी आलं. दांडा लागला का मंग पेईन म्हटलं, पोटभर."

माझ्या मुठीतून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. सात दिवसांचं पाणी. मी डॉक्टरांना सांगितलं होतं, दोन गडवे पेते.

त्यानंतर मी कोणावर रागावलो नाही. आजपर्यंत नाही. राग कुठं गेला कोण जाणे, त्याच्या जागी काहीच आलं नाही.

ऑटोतून तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत बायकोनं चमच्यानं पाणी दिलं तर ओठ मिटून घेतले. म्हणे, "तिथं मले कोन नेईन?" दवाखान्यात सलाईन लागलं आणि लघवीची नळी घातली. नर्सनं समजावून सांगितलं, आजी, आता उठायचं काम नाही, सगळं नळीतून जाते. मायनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "पानी दे."

गटागटा प्याली. गळ्याची घाटी वरखाली होत होती ते मी पाहत उभा होतो. पुन्हा मागितलं, पुन्हा प्याली. हनुवटीवरून ओघळलं ते हातानं पुसलं आणि हात चाटला. संध्याकाळपर्यंत ती असं पाणी प्याली की बायको म्हणाली, आई आता सुधारतात. मलाही वाटलं. बाहेर जाऊन मी सोबत्याला फोन केला. मला माफी नीट मागता आली नाही, नुसतं "पानीच गेलं होतं" म्हणालो. तो म्हणाला, "मरू दे मशीन. आई कशी हाये?"

रात्रभर नळीतून काही आलं नाही. सकाळी तिला धाप लागली. मोठे डॉक्टर आले, त्यांनी पिशवी उचलून पाहिली, ती तळाशी जेमतेम ओली. मला व्हरांड्यात घेऊन ते म्हणाले, किडन्या बंद पडल्या आहेत, उशीर झाला, आता पाणी बाहेर जात नाही, छातीत साठते आहे. किडनीच्या मशीनवर घ्यायचं म्हणाले, पण रक्तदाब टिकत नव्हता. आणि पाणी बंद. ओठ ओले करायला बोळा, दिवसातून दोन-चार चमचे, बस. जास्त दिलं तर त्यातच बुडतील, म्हणाले.

आत गेलो तर माय वाट पाहत होती. "बाबू, पानी."

मी कापसाचा बोळा ओठांवर फिरवला. तिनं तो दातात धरून चोखला.

"असं नाई. गिलासभर दे."

"डाक्टर नाई म्हनते, माय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोळा लपवल्यासारखा मुठीत धरला होता. मी कशाला भितो आहे ते आपल्याला कळलं, असं तिला वाटलं. माझी समजूत घातल्यासारखी, दम खात खात, ती म्हणाली, "नळी हाये न रे बाबू. कोनाले उठा लागत नाई आता. दे."

ते चार दिवस तिनं तेवढंच मागितलं, आणि तेवढंच मी दिलं नाही. बायकोला ते पाहवेना, ती बाहेर जाऊन बसायची. मी बसून राहायचो. कधीकधी मायचा उजवा हात चादरीवर हलायचा, बोटं जुळवून झटकल्यासारखी. नर्सला वाटलं झटका येतो आहे. मी तिला सांगितलं, नाही, ती फुलांवर पाणी शिंपडते आहे.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना जवळ बोलावलं आणि स्वतः बाजूला झाले. बायकोनं घरून येताना देव्हाऱ्यातली गंगेची कुपी आणली होती, हे मला माहीत नव्हतं. तिनं ती माझ्या हातात दिली. मी पहिला चमचा मायच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग मी कुपीच लावली. ह्या वेळी मला कोणी थांबवलं नाही. पाणी तोंडाच्या कडेनं बाहेर आलं आणि उशी भिजली.